दोन ग्राफिक्स कार्डांचा गेमिंग पीसी: दुसरं कार्ड घेण्याआधी काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

रत्नागिरी-कुडाळ पट्ट्यात पीसी जोडणाऱ्यांकडे एक तक्रार कायम येते: दुसरं कार्ड घातलं, एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) तेवढेच राहिले, उलट गेम अडखळायला लागला. बहुतेक वेळा कार्डात दोष नसतो, क्रम उलटा झालेला असतो. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याबरोबर लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तातलं कार्ड आधी घरात येतं. ते बसणार कुठे, खाणार किती वॅट आणि करणार काय, हे प्रश्न चतुर्थी उलटल्यावर पडतात. म्हणून आधी काम ठरवायचं, मग मदरबोर्ड बघायचा, मग जागा आणि वीज मोजायची. कार्ड सगळ्यात शेवटी.

## टप्पा १: दुसऱ्या कार्डाला काम कोणतं?

दोन कार्डं मिळून एकच गेम दुप्पट वेगाने पळवतील ही अपेक्षा आधी डोक्यातून काढा. त्यासाठी एनव्हीडियाचं एसएलआय आणि एएमडीचं क्रॉसफायर ही दोन कार्डं जोडायची तंत्रं होती. १ जानेवारी २०२१ पासून एनव्हीडियाने आरटीएक्स २० आणि त्याआधीच्या कार्डांना नवी एसएलआय प्रोफाइल (गेमनिहाय सेटिंग) देणं थांबवलं. ३० मालिकेत फक्त ३०९० आणि ३०९० टीआयला जोडणीचा कनेक्टर होता, ४० मालिकेत तोही गेला. एएमडीने आरएक्स ५७०० पासून क्रॉसफायर सोडलं. नव्या गेमसाठी हा रस्ता आता बंद आहे. दुकानदार 'एसएलआय करून देतो' म्हणाला, तर कुठल्या गेममध्ये, ते नाव विचारा.

आज दुसऱ्या कार्डाला देण्यासारखं काम म्हणजे फ्रेम जनरेशन. पहिलं कार्ड गेम रेंडर करतं, म्हणजे त्याच्या फ्रेम बनवतं. स्टीमवर मिळणारा 'लॉसलेस स्केलिंग' हा प्रोग्राम त्या फ्रेमच्या अधेमधे बसणाऱ्या जादा फ्रेम दुसऱ्या कार्डाकडून बनवून घेतो आणि मॉनिटरवर पाठवतो. हेच काम एकट्या कार्डावर टाकलं तर गेमच्या स्वतःच्या फ्रेम घटतात, कारण त्याच कार्डाला दोन्हीकडे पुरं पडावं लागतं. इथे दोन्ही कार्डं सारखी नसली तरी चालतात. एक एनव्हीडियाचं आणि एक एएमडीचं असलं तरी बिघडत नाही आणि दोन कार्डं जोडणारा ब्रिजही लागत नाही.

पण जादा फ्रेममुळे चित्र गुळगुळीत दिसतं, माउसचा प्रतिसाद काही वाढत नाही, थोडा उशीरच होतो. मुळात ६० च्या आसपास फ्रेम मिळत असतील तर हा खेळ जमतो. ३० वरून ओढूनताणून १२० केले तर कडा वितळल्यासारख्या दिसतात. व्हॅलोरंटसारखे चढाओढीचे शूटर खेळणाऱ्यांनी या भानगडीत पडूच नये. त्यांनी दोन कार्डांचे पैसे एकत्र करून एक चांगलं कार्ड घ्यावं.

तपासा: कार्ड घेण्याआधी लॉसलेस स्केलिंग आहे त्या एका कार्डावर चालवून बघा. चित्र डोळ्याला खटकलं तर विषय तिथेच संपला, पैसे वाचले. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर तेच दुसरं कार्ड समजून प्रयोग करता येतो. इंटेलच्या 'एफ' शेपटीच्या प्रोसेसरात ते नसतं.

## टप्पा २: मदरबोर्डचा दुसरा स्लॉट

घोडं इथेच पेंड खातं. बोर्डवर लांबलचक स्लॉट दोन दिसतात म्हणून दोन्ही सारखे असं धरून चालतात, आणि तिथेच फसतात.

पीसी बंद करा, प्लग काढा, कॅबिनेट आडवं ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून खालच्या स्लॉटच्या आत बघा. सोळा लेनच्या (लेन म्हणजे डेटा जायची वाट) स्लॉटमध्ये पितळी पिना या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतात. बऱ्याच स्वस्त बोर्डांत खालच्या स्लॉटला त्या फक्त मागच्या बाजूला, कॅबिनेटच्या पट्टीजवळच्या भागात असतात. पुढे नुसतं रिकामं प्लास्टिक. असा स्लॉट दिसायला सोळाचा, चालायला चारचा. कार्ड त्यात आरामात बसतं, पंखा फिरतो, म्हणून शंकाही येत नाही.

लेन किती आणि पीसीआय एक्स्प्रेस या स्लॉटच्या मानकाच्या कुठल्या पिढीच्या, हे मॅन्युअलमध्ये बघा. ढोबळ चित्र असं आहे. इंटेलच्या झेड चिपसेटवर (चिपसेट म्हणजे मदरबोर्डवरची मुख्य चिप) आणि एएमडीच्या एक्स३७०, एक्स४७०, एक्स५७० वर प्रोसेसरच्या सोळा लेन आठ-आठ अशा वाटता येतात, अर्थात बोर्डवाल्याने तशी सोय केली असेल तर. एएमडीच्याच बी४५० वर खालचा स्लॉट बहुधा चिपसेटवरून येतो, पिढी २.०, लेन चार. बी५५० वर तोच साधारण ३.० च्या चार लेनचा असतो. इंटेलच्या एच६१० वर बहुतेकदा दुसरा मोठा स्लॉटच नसतो.

हे पुरेल का, हे कागदावर काढता येतं. पहिल्या कार्डाने बनवलेली प्रत्येक फ्रेम दुसऱ्याकडे जायला हवी. १९२० बाय १०८० चं एक चित्र, पिक्सेलला चार बाइट धरून, सुमारे ८.३ एमबी. सेकंदाला ६० म्हणजे अर्धा जीबी. २५६० बाय १४४० ला १४.७ एमबी, ६० फ्रेमला जवळपास ०.९ जीबी. फोर-केला ३३ एमबी, ६० फ्रेमला २ जीबी. आता रस्त्याची रुंदी: पिढी २.० ची एक लेन अर्धा जीबी नेते, ३.० ची सुमारे एक जीबी, ४.० ची सुमारे दोन. म्हणजे २.० च्या चार लेनला कागदावर दोन जीबी मिळतात.

त्या दोन जीबीवर फोर-के ६० बसवायला जाऊ नका. कागदावरचा आकडा प्रत्यक्षात पुरा मिळत नाही, आणि चिपसेटचा रस्ता एसएसडी, लॅन, यूएसबी सगळ्यांच्या वाट्याचा असतो. लागणाऱ्या आकड्याच्या दुप्पट रुंदी असेल तरच हो म्हणा. या हिशोबाने बी४५० वर १०८० पी ला ६० ते १०० फ्रेम निभावतात, १४४० ला ६० च्या वर गेलं की ओढाताण सुरू होते. एचडीआर (जास्त रंग-उजेडाचं चित्र) लावलं तर एका पिक्सेलचे बाइट वाढू शकतात, मग हिशोब नव्याने करा.

सावधान: खालचा स्लॉट आणि दुसरा एम.२ एसएसडी अनेक बोर्डांवर त्याच लेन वाटून घेतात. एसएसडी लावला की स्लॉट बंद पडतो. मॅन्युअलमध्ये ही टीप बारीक अक्षरात असते, ती शोधाच. आणि मायनिंगवाले वापरायचे त्या एका लेनच्या यूएसबी रायझरवर (कार्ड बोर्डापासून लांब जोडणाऱ्या पट्टीवर) हा उद्योग करू नका.

## टप्पा ३: पट्टी घ्या, जागा मोजा

स्लॉट ते स्लॉट अंतर ठरलेलं असतं: २०.३ मिलिमीटरच्या, म्हणजे एका घराच्या, पटीत. वरच्या मोठ्या स्लॉटच्या मध्यापासून खालच्याच्या मध्यापर्यंत मोजा. ६१ मिमी आलं तर तीन घरं आणि ८१ आलं तर चार. अडीच घरांचं जाड कार्ड वर बसलं की ५० मिमी गेली. तीन घरांच्या अंतरात श्वास घ्यायला जेमतेम एक सेंटिमीटर उरतो. वरचं कार्ड हवा खालून ओढतं, आणि ती हवा खालच्या कार्डाच्या पाठीवर तापलेली असते.

मे महिन्यात मालवण-वेंगुर्ल्याकडे बंद खोलीत दुपारी काय होतं ते सांगायला नको. घाम वाळत नाही, पण त्यात कार्डाचं काही जात नाही. त्याला फक्त हवेचं तापमान कळतं. खोली ३४ अंशांवर असेल तर २४ अंशांच्या एसीत घेतलेल्या यूट्यूबवरच्या आकड्यांत सरळ दहा अंश मिळवा. म्हणून इथे दुसरं कार्ड दोन घरांपेक्षा जाड नको, कमी वॅटचं हवं, आणि कॅबिनेटला पुढून हवा आत घेणारे निदान दोन पंखे हवेत. पुढची बाजू अखंड काचेची असलेली कॅबिनेटं दोन कार्डांसाठी घेऊच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

खालचं कार्ड बसल्यावर एसएमपीएसच्या (पीसीला वीज देणाऱ्या खोक्याच्या) झाकणाला टेकतं का, पुढच्या पॅनलच्या वायरी त्याखाली चेपतात का, हेही आताच बघा.

## टप्पा ४: वीज, यूपीएस आणि अर्थिंग

स्लॉट ७५ वॅट देतो, सहा पिनची जोडणी ७५, आठ पिनची १५०. एक उदाहरण घेऊ: आरटीएक्स ३०६० चे १७० वॅट, आरएक्स ६६०० चे १३२, रायझन ५ ५६०० चे ७६, बाकी बोर्ड-पंखे-डिस्कचे ६०. बेरीज ४३८. यावर क्षणिक झटके येतात, म्हणून चांगल्या कंपनीचा ६५० वॅटचा एसएमपीएस घ्या. जुन्या ४५० वॅटवर 'बघू तर खरं' करू नका.

एसएमपीएसमधून कार्डाच्या आठ पिनी वायरी किती निघतात ते मोजा. प्रत्येक कार्डाला स्वतंत्र वायर. साटा प्लगवरून सहा पिन काढणारे स्वस्त कन्व्हर्टर मिळतात, ते वितळतात.

यूपीएसवर व्हीए मोठ्या अक्षरात छापलेले असतात, तुम्ही वॅट बघा. साधा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचा असतो. वरचा ४३८ वॅटचा पीसी त्यावर गेममध्ये असताना लाइट गेली की यूपीएस ओरडून बंद पडतो, आणि पावसाळ्यात कोकणात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर आजकालचे एसएमपीएस कधी गुणगुणतात, कधी पीसी सरळ बंद करतात. हे सगळं धरलं की कधी कधी चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो. बेरीज कार्डासकट करा, मग ठरवा.

तपासा: अनवाणी पायाने कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर अर्थिंग नाही किंवा निकामी आहे. जांभ्याच्या सड्यावर बांधलेल्या घरांत हे फार दिसतं. उन्हाळ्यात कातळ कोरडा पडला की अर्थिंगच्या खड्ड्याचा उपयोग आणखी कमी होतो. वायरमनकडून खड्डा तपासून घ्या, एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी घालत जा. हे होईपर्यंत दुसरं कार्ड बसवू नका.

## टप्पा ५: आता कार्ड

इथपर्यंत आलात तर निवड निम्मी झालेली असते, कारण लेन, जाडी आणि वॅट यांनी यादी कापून टाकलेली असते.

पहिलं कार्ड म्हणजे गेमचं कार्ड. ते जेवढं ताकदीचं घेता येईल तेवढं घ्या. पैसे दोघांत सारखे वाटणं ही सर्रास दिसणारी चूक. दुसरं कार्ड निवडताना या गोष्टी बघा:

१. काम झेपेल का. फ्रेम जनरेशनला अर्ध्या अचूकतेची गणितं लागतात. त्यात एएमडीची कार्डं आपल्या किमतीच्या मानाने पुढे असतात, आणि जीटीएक्स १० मालिका फार मागे. १०६० गेममध्ये अजून बरं चालतं म्हणून इथे चालेल असं नाही. १०८० पी ला आरएक्स ६४०० किंवा जीटीएक्स १६५० च्या तोडीचं कार्ड भागवतं, १४४० ला आरएक्स ६६०० च्या आसपासचं बघा.

२. कार्डाच्या स्वतःच्या लेन. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटीला चारच लेन आहेत, आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० ला आठ. चारच्या स्लॉटला ६४०० पुरतं. त्याचे ५३ वॅट स्लॉटवरच भागतात, वेगळी वायर लागत नाही. उकाड्याच्या घरासाठी ही जमेची बाजू.

३. मॉनिटरची पोर्ट. मॉनिटर दुसऱ्या कार्डालाच लागणार आहे. म्हणून १४४० पी १६५ हर्ट्झ किंवा जे काही हवं ते दुसऱ्या कार्डाच्या पोर्टमधून निघतं का ते बघा. ६४०० ला एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट एवढंच असतं.

४. ड्रायव्हर. विंडोजवर एनव्हीडियाचं एकच ड्रायव्हर राहतं आणि ते दोन्ही कार्डांना चालायला लागतं. जीटीएक्स ९०० आणि १० मालिकांसाठी ५८० ही शेवटची शाखा. नव्या आरटीएक्सशेजारी जुनं १०५० टीआय ठेवलंत तर नवं कार्डही ५८० वर अडकून पडतं. एएमडीनेही आरएक्स ५०० आणि व्हेगाला २०२३ पासून वेगळी शाखा केली आहे, त्यामुळे आरएक्स ५८० आणि ६६०० एकत्र नांदवणं कटकटीचं. एक एनव्हीडियाचं आणि एक एएमडीचं घेतलं तर दोघांचे ड्रायव्हर सुखाने वेगळे राहतात. मला हीच जोडी पसंत आहे.

जुने गेम, जुनी कार्डं असणाऱ्यांसाठी: संग्रह २०१८ च्या आधीचा असेल आणि एसएलआयच करायचं असेल तर दोन्ही कार्डांचा चिप तोच हवा, मेमरीही तेवढीच. कंपनी वेगळी चालते. १०७०, १०७० टीआय, १०८०, १०८० टीआय यांना एसएलआय आहे, १०६० ला नाही. २० मालिकेत २०७० सुपर, २०८०, २०८० सुपर आणि २०८० टीआय यांनाच जोडणी आहे, साध्या २०७० ला नाही. बोर्ड एसएलआयला मान्यता असलेला आणि दोन्हीकडे निदान आठ लेन देणारा लागतो. ब्रिज स्लॉटच्या अंतराच्या मापाचा घ्या, तो सेकंडहँड बाजारात मिळणं हल्ली कार्डापेक्षा कठीण. आरएक्स ४८०-५८० ला ब्रिज लागत नाही, चार लेनही चालतात. आणि आठ अधिक आठ जीबी मिळून सोळा होत नाहीत, गेमला आठच दिसतात.

## टप्पा ६: सेकंडहँड कार्ड आणि खारी हवा

दुसरं कार्ड बहुतेक जण वापरलेलंच घेतात, आणि ते योग्यही आहे. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यावर मायनिंगमधून निघालेली कार्डं बाजारात आली. ती सगळीच वाईट नसतात, पण पंख्याचं बेअरिंग आणि थर्मल पॅड खाल्लेले असू शकतात. पंखा बोटाने हळू फिरवून घरघर ऐका.

समुद्राकाठच्या घरातलं कार्ड असेल तर नजर वेगळ्या ठिकाणी न्या. मागची पत्र्याची पट्टी आणि स्क्रू गंजलेत का? हीटसिंकच्या पात्यांवर पांढरी भुकटी? स्लॉटमध्ये जाणारे सोनेरी दात बॅटरीच्या उजेडात तिरके धरून बघा. एकसारखे चमकले तर ठीक. एखाद्या दाताच्या मुळाशी काळसर ठिपका असेल, किंवा पॉवर पिनच्या आत हिरवट थर दिसला, तर कितीही स्वस्त असलं तरी सोडा. नुसती मळकट झाक असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न झडणारं कापड, दातांच्या दिशेने पुसायचं. पॉलिश पेपर नको, गंजावर मारायचा स्प्रे तर नकोच.

जांभ्याच्या घरांत लाल धूळ असते. ती दमट हवेत पात्यांमध्ये लुकणासारखी चिकटते आणि फुंकून जात नाही. कूलर उघडून ब्रशने काढावी लागते.

सावधान: मुंबईहून एसी डब्यातून आणलेलं कार्ड पावसाळ्यात घरी आल्या आल्या उघडू नका. थंड पत्र्यावर दमट हवेचं पाणी धरतं. बंद खोक्यातच रात्रभर राहू द्या.

## टप्पा ७: जोडणीचा क्रम

१. जुने ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रामने काढा.

२. दुसरं कार्ड एकटंच वरच्या स्लॉटमध्ये लावून अर्धा तास गेम चालवा. हा टप्पा गाळणाऱ्यांना नंतर दोष कार्डाचा की जोडणीचा हे कधीच कळत नाही. मुंबईला परत पाठवायची मुदतही तेवढ्यात निघून जाते.

३. आता गेमचं कार्ड वर, दुसरं खाली. बायॉसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) सीएसएम बंद, अबाव्ह फोर-जी डिकोडिंग चालू.

४. दोन्हींचे ड्रायव्हर टाका, प्रत्येकानंतर रीस्टार्ट.

५. मॉनिटरची केबल खालच्या कार्डाला. वरच्याला लावली तर बनलेल्या जादा फ्रेम त्याच अरुंद रस्त्याने परत वर जातात, आणि टप्पा २ चं सगळं गणित कोसळतं. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

६. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन हाय परफॉर्मन्ससाठी वरचं कार्ड निवडा. विंडोज १० वर दोन स्वतंत्र कार्डं असताना हे सरळ होत नाही, ११ च घ्या.

७. लॉसलेस स्केलिंगमध्ये प्रिफर्ड जीपीयू म्हणून खालचं कार्ड. गेम बॉर्डरलेस विंडोत चालवा, फुलस्क्रीनमध्ये नाही. गेमच्या फ्रेमना मर्यादा घाला: मॉनिटर १२० हर्ट्झचा आणि दुप्पट करायचं असेल तर ६०.

तपासा: कार्डाची माहिती दाखवणारा जीपीयू-झेड हा प्रोग्राम उघडून दोन्ही कार्डांचा बस इंटरफेस (चालू लेन आणि पिढी) बघा. रिकामा असताना तो कमी दाखवतो, म्हणून शेजारच्या प्रश्नचिन्हावरून रेंडर टेस्ट लावून मगच वाचा.

## टप्पा ८: लक्षण आणि कारण

वरचं कार्ड शून्यावर, खालचं १०० टक्के: गेमच चुकीच्या कार्डावर चालतोय. टप्पा ७ मधली सहावी पायरी परत.

दोन्ही ६०-७० टक्क्यांवर, तरी अडखळतो: रस्ता अरुंद पडतोय. रिझोल्यूशन किंवा मूळ फ्रेम कमी करून बघा. लगेच सुधारलं तर दोष लेनचाच, कार्ड बदलून उपयोग नाही.

खालचं कार्ड सतत ९५ च्या वर: लॉसलेस स्केलिंगमधला फ्लो स्केल खाली आणा किंवा तिप्पट करत असाल तर दुप्पटवर या.

वीस मिनिटांनी फ्रेम पडतात: उष्णता. कॅबिनेटची बाजू काढून त्याच जागेवर परत खेळा. फरक पडला तर पंखे वाढवा. नाही पडला तर वरच्या कार्डाची थर्मल पेस्ट बदला.

पहिल्या पावसानंतर खालचं कार्ड दिसेनासं झालं: ड्रायव्हरशी खेळत बसण्याआधी कार्ड काढा, दात पुसा, परत बसवा. जून ते सप्टेंबर पीसी पडून राहू देऊ नका, एक दिवसाआड तासभर चालवा म्हणजे आतली ओल सुकते. गडगडाट सुरू झाला की मात्र भिंतीतला प्लग आणि लॅनची केबल दोन्ही काढा.